खिडकीत बसलेले मालक

त्या बंगल्याची वरची खिडकी आठवली की आजही भर दुपारी माझ्या अंगावर काटा येतो. नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली. विहिरीतली, रुळावरची, कुलूपबंद खोलीतली. त्यांची भीती कधी वाटली नाही. मेलेला माणूस पोलिसाला काही करत नाही, जे काही करतात ते जिवंतच. पण सोलापुरातल्या त्या खिडकीत मी जे पाहिलं ते धड जिवंतातही बसेना आणि मेलेल्यातही. नावं कुणाचीच सांगणार नाही. घरातली माणसं अजून आहेत आणि त्यांनी भोगलं तेवढं पुरे झालं.

माझी निवृत्ती जवळ आली होती. औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतलं ठाणं माझ्याकडे होतं. तिथे टॉवेल विणणारा एक कारखाना होता. मालक साठी ओलांडलेले, त्यांना कामगारांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी बिलं थकवली म्हणून सूत पुरवणाऱ्या एका कंपनीने त्यांच्याविरुद्ध मुंबईच्या न्यायाधिकरणात दिवाळखोरीचा अर्ज केला. तो मंजूर झाला आणि कारखान्याचा ताबा घ्यायला न्यायाधिकरणाने नेमलेले एक गृहस्थ मुंबईहून आले. अण्णांचं म्हणणं होतं की सूतच खराब निघालं, आपण ते पहिल्यापासून लेखी कळवलंय, तेव्हा हा मालाचा वाद आहे, दिवाळं नव्हे. असा वाद आधीपासून असेल तर कायदा मालकाचं ऐकून घेतो, दिल्लीला अपील करता येतं. मुदत मात्र महिनाभराची, वर थोडी सवलत. ती चुकली की बोलायची सोय राहत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या टेबलावर आली ती मुंबईच्या गृहस्थांची तक्रार. चारदा बंगल्यावर गेलो, मालक भेटत नाहीत, आजारी आहेत म्हणून सांगतात, बहुधा फरार असावेत, असा मजकूर. मी हवालदाराला विचारलं. तो त्याच भागात राहायचा. तो हसायलाच लागला. अण्णा फरार कसले, रोज दुपारी वरच्या खिडकीत बसलेले असतात, अख्खी गल्ली बघते, म्हणाला. मी तक्रार बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदार जेवायला गेला होता, म्हणून मीच उचलला. बाईचा आवाज, अगदी हळू. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि ते जागं होईल, अशा बेताने बोलत होती. तिने अण्णांच्या बंगल्याचा पत्ता सांगितला आणि म्हणाली, "सायेब, त्या खिडकीतल्या मानसाला एकदा म्होरून बघा की."

फोन बंद झाला. निनावी फोनांना ठाण्यात तोटा नसतो. शेजाऱ्याचं वाकडं व्हावं म्हणून लोक वाट्टेल ते सांगतात. पण असा माणूस शिव्या देतो, रागाने बोलतो. ही बाई घाबरली होती, आणि तिला कुणाचं वाईट व्हायला नको होतं. हा फरक कानाला कळतो.

मी हवालदाराला घेऊन निघालो. वैशाखातलं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बंगल्यासमोरच्या लिंबाखाली आम्ही उभे राहिलो. खिडकीत खरोखरच अण्णा बसले होते, पाठ रस्त्याकडे, थोडे तिरके. डोक्यावर काळी टोपी, खुर्चीच्या हातावर हात, बोटात अंगठी. सून आली, तिने शेजारी चहाचा कप ठेवला. बऱ्याच वेळाने परत आली आणि तोच भरलेला कप घेऊन गेली. तेवढ्या वेळात तो हात तसूभर हलला नव्हता.

हवालदार म्हणाला, दिसले ना, चला आता. मी मात्र त्यांच्या अंगाकडे बघत होतो. आम्ही दोघं घामाने निथळत होतो आणि त्या माणसाच्या अंगावर मानेपर्यंत गुंडाळलेली लोकरीची शाल होती.

त्या तक्रारीवरून चौकशीला हजर राहण्याची नोटीस मी निघतानाच करून घेतली होती. ती ज्याची त्याच्याच हातात द्यायची, हे निमित्त पुरेसं होतं. दार अण्णांच्या पत्नीने उघडलं. कपाळावर कुंकू एवढं ठसठशीत की नजर तिथेच जावी, हातभर हिरव्या बांगड्या, आणि डोळे कोरडे, लाल, कित्येक दिवस न झोपल्यासारखे. मी काही विचारायच्या आत ती बाजूला झाली. मुलगा आतून धावत आला. वडिलांना अर्धांगवायू झालाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, वगैरे सांगू लागला. मी त्याच्याशी न बोलता जिना चढलो.

खोलीत पंखा बंद होता. मी खुर्चीला वळसा घालून समोर गेलो. चेहरा अण्णांसारखाच, पण वयाने सात-आठ वर्षांनी कमी. हवालदाराने ओळखलं, तो त्यांचा धाकटा भाऊ होता. दुधनीकडची शेती बघायचा, शहरात फारसा कुणाला माहीत नव्हता. शालीखाली घामाने सदरा भिजून चिकटला होता.

मी विचारलं, "तुमचे भाऊ कुठं आहेत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळख पटल्यासारखं हसला. "मी हितंच हाय की," म्हणाला.

खोटं बोलणारा माणूस मी लगेच ओळखतो. तो नजर चुकवतो, नाही तर मुद्दाम भिडवतो. हा माणूस खोटं बोलत नव्हता. हवालदार दोन पावलं मागे सरकला.

चौकशी ठाण्यात झाली. मुलाला वेगळं बसवलं. तो शिकलेला, इंग्रजी कागद वाचणारा. प्रत्येक प्रश्नाला वकील येऊ द्या म्हणायचा. काकाला मी समोर खुर्ची दिली तर ती त्याने वळवून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. नाव विचारलं तर अण्णांचं सांगितलं. सुताच्या पहिल्या खेपेत धागा कसा तुटत होता ते सांगायला लागला, जसं काही मागावर तोच उभा होता. मी आरडाओरडा केला नाही. मुलाला आत आणलं आणि फक्त ऐकायला लावलं.

मुलगा थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग खालीच बसला. "बस कर रे काका, बस कर," म्हणत त्याने काकाचे पाय धरले. मग सगळं बाहेर आलं.

अपील करायचं ठरवून अण्णा त्या दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. दिवाळखोरीची कामं करून देतो म्हणणाऱ्या एका सल्लागाराने आदल्याच आठवड्यात घरच्यांना ऐकवलं होतं, अपिलाचा हक्क मालकाचा, मालक गेला की हक्क गेला. मुलाने तेवढंच धरलं. दिल्लीच्या वकिलाचे कागद तयार होऊन यायचे होते, त्यावर सही आणि नोटरीपुढे हजेरी लागणार होती. तोवर अण्णांनी जिवंत असलं पाहिजे. त्याच संध्याकाळी कारखान्याच्या टेम्पोतून त्यांना शेतात नेलं. त्यांच्या समाजात मृताला बसवून मातीत ठेवतात. तसं ठेवलं, पण चार माणसं नाहीत, मंत्र नाही, रडणं नाही. दुसऱ्या दिवसापासून काका खिडकीत बसला. पुढे कागद आले आणि नोटरीसमोर अण्णा म्हणून सहीही त्यानेच केली.

तहसीलदारांचा हुकूम घेऊन आम्ही पंचांसमक्ष ती जागा उकरली. अण्णा बसलेलेच होते. अंगावर शाल नव्हती, ती घरी खिडकीत होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी घातपात नसल्याचं सांगितलं, हृदयविकार. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि खोट्या सहीचा गुन्हा मुलगा आणि काकावर दाखल झाला. मला दया आली नाही असं नाही. तरी दोषारोपपत्र मीच पाठवलं, कारण ते माझं काम होतं. काकाला मात्र आधी मनोविकाराच्या डॉक्टरांकडे दाखल करायला लावलं. बरं व्हायला त्याला बराच काळ लागला.

खोटा कागद दिल्लीला जायच्या आत जप्त झाला होता आणि मुदत अजून शिल्लक होती. अण्णांच्या कंपनीची कागदपत्रं मी चाळली तेव्हा पहिल्याच पानावर संचालकांची दोन नावं दिसली. एक अण्णांचं आणि दुसरं त्यांच्या पत्नीचं. मी ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, अहो, बाईंनी सही केली तरी अपील होतं, त्याही संचालकच आहेत. अण्णा असोत नसोत, बाईंचा हक्क कुठे जातोय?

मी अण्णांच्या पत्नीला बोलावून घेतलं. कारखाना काढला तेव्हापासून त्या सह्या करत होत्या. अण्णा कागद पुढे करायचे, इथं सही कर म्हणायचे, त्या पोळ्या लाटता लाटता हात पुसून करायच्या. आपण कशाच्या मालक आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि शिकलेल्या मुलालाही आई मालक असेल असं सुचलं नव्हतं. ठाण्यातला तो फोन आपणच केला होता, हे त्यांनी न विचारता सांगितलं. घरचे मला रोज कुंकू लावायला लावायचे, म्हणाल्या. खिडकीशी चहा न्यायला सुनेला लावायचे आणि मोठ्याने अण्णा अशी हाक मारायला मला.

मी त्यांना वकिलाचं म्हणणं समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"माजी सही चालली असती व्हय, सायेब?"

हो म्हटलं.

"मग मला त्याच दिवशी रडता आलं असतं की," त्या म्हणाल्या, आणि माझ्या केबिनमध्ये, हवालदारांसमोर, पदर तोंडाला न लावता मोठ्याने रडल्या. मी कुणाला आत येऊ दिलं नाही.

अपील त्यांच्या सहीने गेलं, ऐकून घेतलं गेलं, पुढे तडजोड झाली आणि कारखाना राहिला. आता ओळखीपाळखीची माणसं माझ्याकडे कागद घेऊन येतात. घरातला कर्ता गेला, आता आमचं कोण ऐकणार, म्हणतात. मी आधी विचारतो, कागदावर आणखी कुणाचं नाव आहे? बहुतेक वेळा एखाद्या बाईचं निघतं. ती कुठंय विचारलं तर घरात आहे म्हणतात. मी म्हणतो, तिला घेऊन या, मग बोलू.