निरोगी बॅटरीची तपासणी

आमच्या गाडीची छोटी बॅटरी पूर्णपणे निरोगी होती. मी ती तपासली, एवढंच तिला झालं.

विजेवर चालणाऱ्या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी बॅटरी गाडी ओढते आणि कौतुक करून घेते. छोटी, बारा व्होल्टची, दारं-दिवे सांभाळते आणि मोठीला जागं करते. (प्रत्येक ऑफिसात असा एक कारकून असतो.) छोटी गेली, की मोठी कितीही भरलेली असो, गाडी म्हणजे नुसतं कपाट. हे ज्ञान मला नुकतंच झालं होतं आणि ते स्वस्थ बसू देत नव्हतं.

त्या रविवारी अकरा वाजता बोरिवलीला माझ्या पुतणीचा, मुग्धाचा साखरपुडा होता. नवऱ्या मुलाची अंगठी आमच्याकडे होती. ती पोचल्याशिवाय कार्यक्रम सुरू होणार नव्हता. विसरायला नको म्हणून माझ्या बायकोने, वैशालीने, ती सकाळीच गाडीच्या कप्प्यात ठेवली आणि निघण्याआधी गाडीपुढे नारळ फोडू या, असं सुचवलं. असल्या कर्मकांडावर माझा विश्वास नाही. मी मल्टिमीटर आणला.

बॉनेट उघडून दोन तारा टेकवल्या. बारा पॉइंट सहा. उत्तम! पण मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बॉनेट उघडं दिसलं, की माणूस थांबतोच. शेजारचे राणेकाका थांबले.

"नुसती पडलेली बॅटरी काय, चांगलाच आकडा दाखवील," ते म्हणाले. "भार टाकून बघा."

मुद्दा शास्त्रीय होता. मी गाडी सुरू न करताच हेडलाइट, पंखा, गाणी, सगळं चालू केलं. गाणी ऐकून ए विंग खाली उतरली. बी विंगला वाटलं पूजा आहे. त्यांनी चपला काढल्या. प्रत्येकाला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता, आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून समजावत होतो. बारा पॉइंट दोन. अकरा पॉइंट नऊ. एका आजींनी मीटरला हात जोडले. (मी अडवलं नाही.)

दीड तासाने वैशाली पैठणी नेसून खाली आली, तेव्हा माझं समारोपाचं भाषण चालू होतं. मी रुबाबात सगळं बंद केलं, दार लावलं आणि रिमोट दाबून दाखवला. गाडीने शेवटच्या श्वासात इमानाने चारही दारं लॉक केली आणि प्राण सोडला. अंगठीसकट!

मी रिमोट दहा वेळा दाबला. मग वैशालीला धीर दिला, की अशा वेळेसाठी एक साधी चावी लपवलेली असते. कुठे, ते गाडीच्या माहितीपुस्तकात आहे.

"आणि पुस्तक कुठंय?"

पुस्तक अंगठीच्या खाली होतं.

राणेकाकांनी माझ्या हातातून रिमोट घेतला, मागची कळ सरकवली आणि त्यातूनच चावी बाहेर काढली. "हयच तर आसा," ते मालवणीत म्हणाले.

अंगठी निघाली, गाडी नाही. आम्ही रिक्षाने गेलो. बोरिवलीपर्यंत वैशाली एकच वाक्य बोलली: "नारळाला दोन मिनिटं लागली असती."

पावणेबाराला अंगठी बोटात गेली. मग मुलाच्या वडिलांनी मला हळूच बाजूला घेतलं. तुम्ही यातले जाणकार, असं मुग्धा सांगत होती, ते म्हणाले. आमचीही इलेक्ट्रिकच आहे, जरा छोटी बॅटरी बघता का?

मी खाली गेलो. गाडीपासून दहा पावलांवर उभा राहिलो, हात पाठीमागे घट्ट बांधले आणि निदान केलं, "तब्येत ठणठणीत आहे."

माझ्या तपासणीनंतर चालू झालेली ती आजवरची एकमेव गाडी.