भगवानरावांच्या दारावरचे तीस हजार एकतीस

आमच्या गल्लीत घरांना आईचं नाही तर देवाचं नाव आहे. भगवानरावांच्या घरावर मात्र चार वर्षं निळ्या ऑइलपेंटात ३००३१ एवढंच होतं. पाहुण्यांना वाटायचं नगरपालिकेचा नंबर आहे, आणि बाकीची घरं कुठं गेली ते मलाच विचारायचे.

भगवानराव गंगाखेड स्टेशनात मालबाबू. मालगाडी खोळंबली की वॅगनचे नंबर भागून भागून फोडत बसायचे. ज्याला कशानंच भाग जात नाही, अशा आकड्याबद्दल त्यांना जो आदर होता, तो स्टेशनमास्तरच्या वाट्याला कधी आला नाही.

त्र्याहत्तरला घर बांधलं तेव्हा असा आकडा त्यांनी स्वतःच घडवला. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार करून त्यात एक मिळवला. आता या सहांपैकी कुणीही भागायला आलं तरी एक उरणारच. याच रीतीनं आधी एकतीस, दोनशे अकरा असे आकडे काढले होते, ते फुटले नव्हते. मग हाही फुटत नाही असं ठरवून त्यांनी सिताराम पेंटरला बोलावलं.

त्यांच्या बायकोला, सुलाबाईंना, तिथं स्वतःचं नाव हवं होतं. नव्या भिंतींना दोन्ही वेळा पाणी त्यांनीच मारलं होतं. तंटा माझ्यापुढं आला. मी तोड काढली: दर एक जूनला, म्हणजे भगवानरावांच्या नोकरीतल्या जन्मतारखेला, त्यांच्या वयानं आकड्याला भागायचं. बाकी उरली तर आकडा राहील, नाही उरली तर सुलाबाई.

वयाच्या पंचावन्नला एक उरला. छप्पन्नला पंधरा, सत्तावन्नला एकोणपन्नास, अठ्ठावन्नला पंचेचाळीस. सुलाबाई चुलीपुढून विचारायच्या, काय उरलं, आणि ऐकून भाकर जरा जोरात थापायच्या.

सत्त्याहत्तर साली वय एकोणसाठ झालं. भगवानराव पाटी घेऊन ओट्यावर बसले, मी शेजारी. भागाकार केला, पुसला, पुन्हा केला. पाचशे नऊ वेळा भाग गेला. बाकी शून्य.

आतून विचारणा झाली. मी हळूच सुचवलं, जन्मतारीख शाळेच्या मास्तरनं अंदाजानं लिहिलेली, एकसष्ट धरा, कुणाला कळायलंय.

"वय खोटं असंल," भगवानराव म्हणाले, "भाग तर खरा गेलाय ना." मग आत वळून म्हणाले, "काईच उरलं न्हाई. तुझं नाव लिव."

भाकरीचा आवाज थांबला. "अजून एकदा करून बघा की," सुलाबाई म्हणाल्या.

"दोनदा केलंय."

सिताराम पुन्हा आला. नाव लिहून होईपर्यंत भगवानराव शिडी धरून उभे होते. मग म्हणाले, पाचशे नऊ तरी कुठंतरी लिहू, तो फुटत नाही, या खेपेला सगळं तपासलंय.

सुलाबाईंनी घरभर नजर फिरवली. "न्हाणीच्या दारावर मावतंय," म्हणाल्या.

तो अजून तिथं आहे. पुढच्या एक जूनला मी सकाळीच न्हाणीपाशी जाऊन विचारलं, आता याला साठनं भागून बघायचं का. भगवानरावांनी आतून कडी लावून घेतली.