मराठीत उतरवलेली अमेरिका

मंदा, आधीच सांगते, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसू नको. करडीच्या शाळेत मी चौथीपर्यंत बसले, त्यातही धानाच्या रोवणीच्या दिवसांत गुरुजी माझ्या नावापुढे नुसती रेघ मारत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चारचौघांत बोलायला मी पहिल्यापासून भिते, आणि लिहायचं तर त्याहून भिते. पण दर वेळी भेटलीस की तू विचारतेस, "ताई, तुम्ही परत काहून नाई आले?" आणि मी चहा ठेवायला उठून जाते. म्हणून एकदाचं लिहिते. पाठवीन की नाही ते माहीत नाही.

आम्ही पहिल्यांदा निघालो ती सकाळ तुला आठवत असेल. तू परकराचा काठ तोंडात धरून उभी होतीस. मायनं तांदळाचं आणि लाखोळीच्या डाळीचं अशी दोन गाठोडी बांधली होती. बाबांनी आमची पत्र्याची पेटी स्वतः खांद्यावर घेऊन एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून हात झटकत तुझ्या भाऊजींना म्हणाले, "जावाईबापू, भंडाऱ्याच्या कॉलेजात पुस्तकं नाईत का? पुस्तकं वाचाले कोणी हैदराबादले जाते?"

"अमेरिकेतल्या लेखकायची पुस्तकं हायत, मामाजी. ती सारी तिथंच ठेवली हायत."

"मंग अमेरिकेलेच जा ना. अर्ध्यात कायले उतरता?"

सगळी एसटी हसली. हेही हसले. त्या दिवसानंतर यांना असं मोकळं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

तुला तेव्हा काय कळणार, म्हणून सांगते. भाऊजी भंडाऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांना अमेरिकेच्या साहित्यावर पीएच.डी. करायची होती. कॉलेजनं दोन वर्षांची पगारी रजा दिली, पण बॉन्ड लिहून घेतला. ठरलेल्या मुदतीत प्रबंध पूर्ण केला आणि कॉलेजात परत रुजू झाले तर ठीक, नाहीतर रजेत खाल्लेला सगळा पगार परत. जामीन म्हणून त्यांच्याच कॉलेजातल्या बोरकर सरांनी सही केली. सही करून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, याच्यावर नजर ठेवा. हा अमेरिकेत हरपला तर बोरकराचा पगार गेला समजा." मी पदर सावरून आत पळाले.

हैदराबादला आम्ही एका गल्लीत खोली घेतली. घरमालकीण तेलुगू. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. ती माझ्याशी दखनी हिंदीत बोलायची. मी नुसती मान हलवायची. आता मीच भाजीवालीशी तेलुगूत भांडते आणि वरणात चिंच जास्त घालते. तेव्हा मात्र दिवसभर खोलीत बसून रस्त्यावरचे आवाज ऐकत असायची, एखादा शब्द ओळखीचा निघतो का म्हणून.

हे सकाळी ग्रंथालयात जात. तिथली पुस्तकं घरी आणू देत नसत. तिथंच वाचायचं आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर नोंदी करायच्या. एका कार्डावर एकच मुद्दा. संध्याकाळी ती कार्डं घरी येत आणि लेखकाप्रमाणे लावून बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायचं काम माझं.

तू म्हणशील, चौथी शिकलेली बाई इंग्रजी कार्डं कशी लावेल. ती इंग्रजीत नव्हतीच. हे वाचत इंग्रजीत आणि लिहीत मराठीत. म्हणत, "इंग्रजीत उतरवलं का ते त्यायचंच राहते. मराठीत आलं का मले कळते." त्यांच्या जुन्या मार्गदर्शक सरांना हे ठाऊक होतं. सर नागपूरचेच, मराठी माणूस. त्यांनी लिहिलं होतं, अर्थ हाती लागला ना, मग झालं.

म्हणून मला ती माणसं वाचता आली. त्यांची नावं मी लिहीत नाही, चुकतील. पण शेतावर जन्मलेले, गिरणीतल्या बायांची मुलं असलेले, खाणीच्या गावातून पळालेले, असे ते सगळे लेखक होते. गाव सोडलं, शहरात गेले आणि गावाबद्दल लिहीत बसले. यांचा विषयच तो होता. यांचे वडील चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत उतरत, म्हणून तो निवडला असेल.

भात शिजेपर्यंत हे मला समजावून सांगत. म्हणत, पुस्तकाचा अभ्यास करायच्या वाटा वेगवेगळ्या. एक म्हणते, आधी लिहिणारा पाहा. तो कुठं जन्मला, त्याच्या घरात काय शिजत होतं, त्या वेळी मजुराला काय मिळत होतं. मग त्याचं पुस्तक उघडा. दुसरी म्हणते, लिहिणाऱ्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. कागदावर जे शब्द आहेत तेवढेच पाहा, त्यांच्याबाहेर जाऊ नका. जुने सर पहिल्या वाटेचे होते. मला दुसरी वाट चमत्कारिक वाटायची. घरी आलेल्या माणसाला गाव न विचारता जेवायला बसवावं तशी.

एक कार्ड मला फार आवडायचं. खाणीतून परतलेला बाप अंगणात अंग धुतो, काळं पाणी तुळशीच्या वाफ्यासारख्या छोट्या वाफ्यात जाऊन मुरतं, आणि आई त्या वाफ्यातली भाजी कोणाला देत नाही. मी विचारलं, "अमेरिकेत तुळस असते?"

हे दचकले, मग म्हणाले, "नसते. ते आपलं मी लिवलं."

"मंग हे त्याचं हाय का तुमचं?"

"दोघायचंही धर ना," म्हणाले आणि ताट ओढून घेतलं.

दोन वर्षं संपली. आम्ही कार्डांची खोकी घेऊन भंडाऱ्याला परत आलो. हे कॉलेजात शिकवू लागले. प्रबंध लिहून द्यायला अजून मुदत होती. तेवढ्यात जुने सर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले आणि विद्यापीठानं यांना नव्या मार्गदर्शक दिल्या, एक मॅडम. त्या नुकत्याच अमेरिकेत शिकून आल्या होत्या. त्या दुसऱ्या वाटेच्या. कागदावरचे शब्द, बस. प्रत्येक मुद्द्याला लेखकाचं मूळ वाक्य, जसंच्या तसं, पान नंबरासकट.

यांच्याजवळ मूळ वाक्य एकही नव्हतं. पुस्तकाचं नाव होतं, पान कुठं होतं, कुठं नव्हतं. पुस्तकं तर हैदराबादेत. तेव्हा यांनी काय केलं, तर आपल्या मराठी नोंदींचं परत इंग्रजी केलं. रोज पहाटे उठून करत. मला वाटायचं, जे इंग्रजीतून मराठीत आलं ते परत इंग्रजीत गेलं, तर पोचलंच की घरी. यांनाही तसंच वाटलं असावं. शिकलेला माणूस असून कसं वाटलं, हे मला आजही कळत नाही.

पहिली तीन प्रकरणं दाखवायला नागपूरला गेलो तेव्हा मीही बरोबर होते. मॅडमच्या घरी मी दाराजवळच्या खुर्चीवर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसले. मॅडम रागीट नव्हत्या. त्यांनी कागद पुढे सरकवला, त्यावर त्यांचं स्वतःचं एक पुस्तक उघडून ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे वाक्य फार सुंदर आहे. फक्त ते लेखकानं लिहिलेलं नाही. इथं बाप अंगणात हातपाय धुतो, एवढंच आहे. पाण्याचा रंग नाही, वाफा नाही, आईसुद्धा नाही."

यांनी तो कागद जवळ ओढून घेतला.

"तुम्ही हे अवतरणचिन्हांत टाकलं आहे. आणि असं एकच नाही."

"नोंदी मराठीत आहेत, मॅडम."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मग हे कोणाच्या पुस्तकांबद्दल आहे?" त्या टोचून बोलत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. चिवड्याचा डबा मी तसाच परत आणला.

ही गोष्ट चिखल्याला सासरी पोचायला वेळ लागला नाही. आम्ही तिथं गेलो तेव्हा सासूबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "चौथीच्या बायकोले वाचता यावं म्हून पोरानं इंग्रजी सोडली. आता बस म्हणा, चुलीपाशी पोथी वाचत." शेजारणी हसल्या. हे मधे पडून म्हणाले, "माय, तिचा काय संबंध?" पण आवाज इतका बारीक होता की मलाच नीट ऐकू आला. मी भांडी घासत राहिले. मला ते खोटं म्हणता आलं नाही आणि खरंही म्हणता आलं नाही.

यांनी बिनपगारी रजा काढली. मूळ वाक्यं उतरवून आणायची आणि मुदतीत प्रबंध उभा करायचा. दुसऱ्यांदा आम्ही हैदराबादला निघालो तेव्हा गावाकडे कोणाला कळवलं नव्हतं. स्टँडवर फक्त बोरकर सर आले. म्हणाले, "जाजो, पण येजो गड्या. माही काही घाई नाई. माहा पगार तसाही बायको मोजते." त्यांनी यांच्या खिशात पेन घातलं आणि एसटी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

हे परत ग्रंथालयातल्या त्याच टेबलाशी जाऊन बसू लागले. एकेक कार्ड घ्यायचं आणि पुस्तकात त्याचं वाक्य शोधायचं. पहिल्या वेळी संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा घेऊन यायचे, आता हात रिकामे. वाक्य सापडत नव्हतं असं नाही. सापडायचं, पण कार्डावर होतं तेवढं मोठं नसायचं. कार्डावर चिखल्याच्या खाणीचा भोंगा होता, करडीचा तलाव होता, माय होती. पुस्तकात दोन ओळी. जेवताना एकदा हात ताटातच ठेवून म्हणाले, "मी त्यायले वाचलंच नोयतं. त्यायच्या पुस्तकात आपलंच गाव वाचत बसलो."

मी म्हटलं, "मंग तेच लिवा ना. आपलंच गाव."

"त्याले कोण डिग्री देते?"

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांचं ग्रंथालयात जाणं थांबलं. सकाळी तयार होऊन बाहेर पडत आणि बागेत बसून येत, हे मला अम्माकडून कळलं. मुदत संपली. कॉलेजचं पत्र आलं, परत या आणि खुलासा द्या. वर्गात मुलांपुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं, म्हणून यांनी टपालानं राजीनामा पाठवला. रजेचा पगार भरायला आमच्याकडे काही नव्हतं. मग नियमाप्रमाणे बोरकर सरांच्या पगारातून कापायला सुरुवात झाली.

सरांनी त्या साली भंडाऱ्यात घर बांधायला काढलं होतं. जोत्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. स्टँडवरून गावात जायचं तर रिक्षा त्या जोत्यासमोरूनच जाते. मंदा, आम्ही परत का आलो नाही, याचं उत्तर ते जोतं आहे. बाबा गेले तेव्हा मी तुमसरवरून फेरा घेऊन करडीला आले. तू रागावली होतीस, माती व्हायच्या आधी पोचायचं सोडून एवढा फेरा कायले घेतला म्हणून. बाबांचं तोंड मला दिसलं नाही ते त्यामुळेच. भंडाऱ्यातून जायची माझी हिंमत झाली नाही.

यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम धरलं. दुसऱ्यानं लिहिलेलं जसंच्या तसं आहे की नाही हे दिवसभर पाहायचं. या कामात त्यांच्याकडून चूक म्हणून होत नाही. आणि मी डबे सुरू केले. आधी अम्माच्या ओळखीची दोन मराठी पोरं, मग बँकेतले लोक. पहिल्यांदा पैसे मागायला एका साहेबाच्या दारात गेले तेव्हा बेल न वाजवताच परत आले होते. पुढे शिकले. "साब, इस महिने का बाकी है जी," असं आता मी न अडखळता म्हणते. करडीतल्या मुक्या पोरीला हे जमेल असं मायला वाटलं नसतं.

दर महिन्याला मी बोरकर सरांना मनिऑर्डर करायची. कधी जास्त, कधी अगदी लाज वाटावी इतकी. त्यांचं पोस्टकार्ड मात्र चुकत नसे. पैसे पावले एवढ्यावर ते कधी थांबले नाहीत. लिहीत, वैनगंगेला पूर आला, पुलावरची वाहतूक बंद. पितळी भांड्यांच्या लाइनीत अर्धी दुकानं स्टीलची झाली. यंदा धानावर कीड आहे. तुमच्या करडीकडचा पोरगा कॉलेजात आला आहे, मी मुद्दाम गाव विचारलं. शेवटी नेहमी, त्याला म्हणा, पत्र लिही. यांनी कधी लिहिलं नाही. पण कार्ड आलं की उशाशी घेऊन झोपत.

वर्षं गेली. आमचे केस पिकले. चिखल्याच्या सासूबाई गेल्या, ते घर कंपनीचं होतं, ते कंपनीनं परत घेतलं. कार्डांची खोकी पलंगाखाली आहेत. मी अधूनमधून वाळवी लागली नाही ना ते पाहते. वाचत नाही. घर म्हटलं की इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे करडी यायची नाही, ते अर्धवट जोतं यायचं. मनात धरलं होतं, सरांचं देणं फिटलं की जायचं. यांचंही तेच असावं, म्हणून आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात शेवटची मनिऑर्डर गेली. परवा सरांचं कार्ड आलं. त्यात पुराचं काही नव्हतं, धानाचं नव्हतं. "वहिनी, सगळे पावले. आता बंद करा. घराला रंग दिला आहे, दोघं या." मी ते यांच्या हातात दिलं. दोनदा वाचून म्हणाले, "जाऊ." कधी, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता या घरी दर महिन्याला भंडाऱ्याचं कार्ड यायचं काही कारण उरलं नाही. तिथं आमचं देणं होतं, तोवर तिथं आमचं काहीतरी होतं. पण पैसे सगळे फिटले, मंदा. एक रुपया राहिला नाही.