पोस्टकार्डाएवढी फट

जगात देव आहे की नाही, याबद्दल माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या काकांना, थोडी शंका आहे. पण असलाच तर तो जपानी आहे आणि गेली तीस वर्षं तो कामावर आलेला नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. जव्हारला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं बघण्यात गेला, आणि त्या भिंगाला पसंत पडलेली एकच मोठी वस्तू म्हणजे त्यांच्या दारातली पांढरी, बुटकी गाडी. सुटे भाग जपानहून पेट्यांत यायचे आणि आपल्याकडे नुसते जोडले जायचे, त्या काळातली. "जोडताना आपल्या लोकांनी हात लावला, तेवढाच काय तो दोष," असं काका म्हणतात. आजच्या जपानी गाड्यांचा विषय निघाला की मान हलवतात. "आडनाव तेच आहे हो, घराणं राहिलं नाही."

गाडी पारखायची त्यांची एक रीत आहे. खिशातून पोस्टकार्ड काढायचं आणि बॉनेटच्या फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. कुठंही न अडकता, कुठंही सैल न पडता ते गेलं तर गाडी पास. शेजारच्या किराणावाल्यांनी पाडव्याला नवी गाडी आणली. बायका हळदकुंकू वाहत होत्या, चाकांखाली लिंबं मांडून झाली होती, आणि हे वाकून पोस्टकार्ड फिरवत होते. "इथं जातंय... इथं अडकतंय... अरेरे, इथून तर अख्खं पाकीट जाईल!" यांना पेढा द्यावा की नाही, असा शेजाऱ्यांना क्षणभर प्रश्न पडला. शेवटी दिला, पण अर्धा. तो तोंडात टाकून काकांनी समोरच्या दिव्यांकडे बोट दाखवलं. "पूर्वीच्या गाड्यांचे चेहरे कसे, या-बसा म्हणणारे. ही बघा, भांडायलाच निघालीय." उरलेला अर्धा पेढा अर्थातच मिळाला नाही.

ज्याने ती पांढरी गाडी घडवली त्या अनोळखी जपानी कारागिराबद्दल ते चुलतभावाबद्दल बोलावं तसं बोलतात. काच खाली करायचा दांडा फिरवताना डोळे मिटून घेतात आणि मला, मोखाड्याच्या शाळामास्तरला, म्हणतात, "बघा मास्तर, त्याची जेवायची वेळ झाली असेल, तरी हे तपासल्याशिवाय उठलेला नाही." गाडीत बसणाऱ्यांना शिस्त कडक. दार दोन बोटांनी लावायचं. जीपची दारं धाडकन आपटायला शिकलेल्या आमच्या मुलखात हे कुणाला जमणार? बहिणीचं लग्न ठरायचं होतं तेव्हा, बोलणी झाल्यावर आम्हाला मोखाड्याला सोडायला ते स्वतः निघाले. बहिणीने दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही, आणि पहिल्याच वळणावर उघडलं. मी मनात म्हटलं, गेलं स्थळ. पण काका खूश! "मुलगी धसमुसळी नाही," असं म्हणून त्यांनी तिथेच लग्न पक्कं केलं. पत्रिका मागाहून पाहिली.

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासले आणि यापुढे गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. आहे तेवढी नजर सांभाळायची, दुसरा उपाय नाही. मग भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, जुनी देऊन नवी घ्यायची गोष्ट काढली. जुनी भंगारात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोललं नाही एवढंच. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. जन्मात त्यांनी ते स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तिच्या लायकीचा हात मिळाला तर ती राहील. नाही मिळाला तर घेऊन जा. मी बघायला बाहेर येणार नाही."

परीक्षा अशी, की उमेदवाराने शिरपामाळाच्या रस्त्याने एक फेरी मारून यायचं आणि काका फाटकात उभं राहून नुसतं ऐकणार. भाऊजी फाटकापाशीच नापास झाले. "दुसरा गिअर टाकतोस की खलबत्त्यात सुंठ कुटतोस?" मला तर "मास्तर, तुम्ही एसटीनेच येत जा" असा निकाल मिळाला. साखरशेतचा एक जीपवाला ओळखीचा, हात चांगला, पण काकांच्या सूचना ऐकून तो किल्ली परत देत म्हणाला, "काका, अस्सा हलू हलू गेर टाकला त सीटा भरायच्या कवा?"

दसऱ्याला मी जव्हारलाच होतो. गाडीला झेंडूचा हार घातला, पूजा झाली, आणि सगळे पाय घासत उभे राहिले. भाऊजींनी नव्या गाडीवाल्यांना दुसऱ्या दिवशी बोलावून ठेवलं होतं. एवढ्यात बहीण पदराला हात पुसत बाहेर आली. "बाबा, किल्ली द्या."

दोन महिने ती दुपारी गाडी शिकायला जात होती. कुणाला पत्ता नव्हता, मलासुद्धा नाही. काकांनी किल्ली दिली आणि कान देऊन फाटकात उभे राहिले. फेरी मारून ती परत आली.

"तिसरा कुठं टाकलास?"

"चढ संपल्यावर."

"मला ऐकू आला नाही."

हे रागावले की काय, आम्हाला कळेना. मग त्यांनी किल्ली परत द्यायला पुढे केलेला तिचा हात हळूच मिटवला. "मग बरोबर टाकलास. ठेव तुझ्याकडे." भाऊजी फोन करायला आत गेले.

संध्याकाळच्या आधी मला मोखाड्याला सोडायचं ठरलं. काका सवयीने उजव्या दारापाशी गेले. आत बहीण बसली होती. थोडा वेळ तिथेच थांबले, मग बॉनेटवरून हात फिरवत वळसा घालून डावीकडे येऊन बसले. इतक्या वर्षांत त्या जागेवर पहिल्यांदा. मी मागे होतो. सुरुवातीला ते कान लावून इंजिन ऐकत होते. मग ऐकायचं सोडून बाहेर बघायला लागले.

"मास्तर, त्या उतारावर ते पिवळं पिवळं काय दिसतंय?"

"खुरासणी फुललीय शेतांत, काका."

"एवढी?"

"हो."

"यंदाच?"

"नाही काका. दरवर्षी फुलते."

काका काचेला नाक लावून म्हणाले, "सूनबाई, जरा हळू घे."