उपाशीपोटीची साखर

आमच्या ह्यांना साखरेचा आजार निघाला तेव्हा जास्त लाज मला वाटली. मानवतच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि पेशंट माझ्याच घरात.

गोळ्या सुरू झाल्या, भात कमी केला, चहा बिनसाखरेचा. तरी रोज सकाळी बोटाला सुई टोचली की आकडा चढलेलाच. रात्रभर पोटात काही नाही आणि साखर जास्त! मला एकच उत्तर सुचलं, हे चोरून गूळ खातात.

मी गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. आकडा तेवढाच. मग सदऱ्याचे खिसे तपासले. सुपारीचं खांड आणि शेतातल्या मोटारीचा फ्यूज निघाला.

"कायबी खाल्लं न्हाई म्या. तुझी आण," हे म्हणाले.

"माझी कशाला? मला अजून जगायचंय."

हे हसले नाहीत. दोन दिवस कामापुरतंच बोलले.

शेवटी परभणीच्या डॉक्टरीणबाईंपुढे मी तक्रार मांडली, पालकांपुढे मांडते तशीच. बाईंनी कागदावर स्वादुपिंड काढलं.

"यातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, त्यानं साखर उतरते. अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात, त्यानं यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. एरवी इन्सुलिन शेजारच्या अल्फा पेशींना आवरून धरतं. यांच्या बीटा पेशी थकल्यात, आणि जे इन्सुलिन सुटतं त्याला शरीर नीट दाद देत नाही. मग अल्फा पेशी आवरत नाहीत, आणि यांनी काही खाल्लं नाही तरी यकृत साखर सोडतच राहतं."

ह्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "ऐकलं का मॅडम? साखर घरचीच हाय, पण डब्यातली न्हाई."

माझे कान गरम झाले.

"आणि जेवणानंतरची साखर इतकी कशी वाढते?" बाईंनी रिपोर्ट बघत आता ह्यांना विचारलं.

हे पंख्याकडे बघायला लागले. "देवगाव फाट्यावर जिलेबी लय चांगली भेटती."

परतताना एसटीत मी म्हणाले, "सकाळच्या साखरेपुरती माझी चूक."

"तेवढं म्हणलीस, बास झालं," हे म्हणाले आणि खिडकीची जागा मला दिली.

गोळ्या बदलल्या, संध्याकाळचं चालणं सुरू झालं, जिलेबी बंद झाली. काही महिन्यांनी सकाळचा आकडा बराच खाली आला. त्याच सुमारास ह्यांनी माझं नववीचं पुस्तक शोधून काढलं.

"अल्फा पेशी हितं तक्त्यात लिवल्यात की! पोरांना काय शिकवायलीस मग?"

खरंच होतं. ती ओळ मी वर्षानुवर्षं पाठ करून घेत होते, स्वतः कधी विचारात घेतली नव्हती. यंदा त्या एका ओळीवर मी अख्खा तास घालवला. एका ओळखीच्या पेशंटची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. मुलं पोट धरून हसली, मग त्यांनी प्रश्नही विचारले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"माझं नाव घेतलंस का?"

"नाही."

तेव्हा हे जरा नाराजच झाले.