रहिमानचा वरचा सूर

सांगलीतल्या नाथाजीच्या बँडात रहिमान वीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. त्यानं वरचा सूर लावला की वरातीतली म्हातारी माणसंसुद्धा मागं वळून बघायची. त्र्याहत्तरच्या लग्नसराईत त्याच्या बरगड्यांखाली, बेंबीच्या वर, जांभळाएवढी गाठ दिसायला लागली. दम भरून फुंकलं की वर यायची, उताणं निजलं की गडप. दुखायची मात्र लय.

"वायगोळा हाय," गावाकडच्या एका जाणत्यानं सांगितलं आणि तापल्या सळईनं पोटावर तीन डाग दिले. डाग पिकले, चिघळले. गाठ होती तिथंच.

शेवटी बायको जरिना त्याला ओढतच डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला निजवून नुसती मान उचलायला लावली. गाठ टच्चकन वर आली.

"हा हर्निया. पोटाचे दोन्हीकडचे स्नायू मधोमध जिथं जुळतात, तिथं भोक पडलंय. आतली चरबी त्यातून बाहेर येते. औषधानं ते बुजत नाही, शिवावंच लागतं."

"मग वाजवता यील न्हवं?"

"सहा महिने फुंकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. खोकला आला तर पोट हातानं दाबून धरायचं."

ऑपरेशन झालं. रहिमान घरी बसला. जरिना लोकांच्या गोधड्या शिवायची, तो भिंतीला टेकून बघत राहायचा.

चौथ्या महिन्यात नाथाजी आला. "गड्या, विश्रामबागेत मोठं लगीन हाय. लोक तुलाच इचारत्यात. नुस्तं वठाला लावून हुबा ऱ्हा. नवा गडी वाजवंल."

रहिमान गेला. मांडवाच्या दारात नव्या गड्याचा वरचा सूर फाटला आणि वऱ्हाड खो खो हसलं. रहिमाननं छाती भरून फुंकलं. सूर स्वच्छ वर चढला, हसणं थांबलं. दुसऱ्या दमाला पोटात जुनं धोतर फाटावं तसं चर्र झालं. तरी त्यानं गाणं पुरं केलं.

या खेपेला गाठ लिंबाएवढी होती. डॉक्टरांनी पुन्हा शिवलं, पण म्हणाले, "टाके धरायला आता तिथं बळ उरलं नाही. जन्मात परत फुंकू नकोस. पुन्हा फाटून आतडं अडकलं, तर जीव जाईल."

टाके टिकले. गाठ परत आली नाही. नाथाजीनं त्याला बँडाचे कोट इस्त्री करायला ठेवलं. आठवडाभरानं रहिमान तिकडं फिरकेनासा झाला. गल्लीतून वरात आली की तो उठून नदीच्या वाटेला लागायचा.

एका दुपारी जरिनानं ताट वाढलं. तो हातच लावेना.

"आवं, दुखतंय का?"

"न्हाई."

"मग जेवा की."

"काय करू जेवून?" तो म्हणाला.

जरिनानं ताट उचललं आणि झाकून ठेवलं.