दुसरा मजला

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. कारण नगरला फ्लॅट बघायला जाऊन मी जी माती खाल्ली ना, ती सांगतानाही माझं डोकं फिरतं!

माझं घोडेगावात पशुखाद्याचं दुकान. पोरगी नगरला कॉलेजात, हॉस्टेलच्या जेवणाला वैतागलेली. म्हणून सुनंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, तिथं घर घ्यायचा धोशा लावला. जाहिरात सापडली. स्टेशन रोडला, इंग्रजांच्या काळातली दगडी इमारत, आतून सगळं नवंकोरं केलेलं. एजंट म्हणाला, "दुसरा मजला. मी खाली थांबतो, या तुम्ही."

आम्ही गेलो, तर एजंटचा पत्ता नाही! फोनवर आपलं एकच, "आलोच साहेब, आलोच." उन्हात उभं राहून माझी टाळू तापली.

"चल गं, आपणच बघू."

"अवो, थांबा की जरा. येईल त्यो."

"काही गरज न्हाई त्याची!"

तळमजला एक, त्याच्या वरचा दोन. हा माझा हिशोब! एक जिना चढलो. दार उघडंच. बनियनवर एक म्हातारे मास्तर कमरेवर हात ठेवून उभे.

"आलात? या एकदाचे! बघा स्वतःच्या डोळ्यांनी!"

घर विकणारा असं बोलतो का हो कधी? मला तिथंच खटकलं. आत पाहतो, तर छताला ही मोठी ओल! पोपडे लोंबतायत, खाली बादली, बादलीत टपटप.

"हे काय?" मी ओरडलो. "याला नवंकोरं म्हणता?"

"तेच मी विचारतोय! हौसेनं घर नवं करायचं, आणि त्याचा हा प्रसाद?"

"जाहिरातीत एक आणि घरात एक! लाज वाटत नाही?"

"लाज? मला?" मास्तर लालबुंद झाले. "पाणी माझ्या देव्हाऱ्यावर पडतंय, आणि लाज मी बाळगू?"

"मग दुरुस्त करा की!"

"मी करू? आणि पैसे कोण देणार?"

"मी एक छदाम देणार नाही!"

"कसे देत नाही तेच बघतो!"

घ्या! घर पसंत पडो न पडो, हा माणूस वसुली करणारच! असला विकणारा मी जन्मात पाहिला नव्हता.

सुनंदा बाही ओढत म्हणाली, "अवो, ह्यांचं कायतरी येगळंच चाललंय." पण मी ऐकतोय होय! ती वैतागून बाहेर निघून गेली.

आमचा आवाज ऐकून वरून कडक इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ खाली आले. "काय चाललंय? मी वरच्या फ्लॅटचा मालक. पुण्याहून आलोय. ओल बघायला तुम्हीच बोलावलं होतं ना?"

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मग हे कोण?"

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? आपला हिशोब एका मजल्यानं चुकला हे ओळखून, हात जोडून राहिलेला जिना चढला असता. पण माझा राग अर्ध्यात होता हो! तो कुठं ठेवू? मी सरळ मालकाकडेच वळलो.

"खाली लोकांच्या देवावर पाणी गळतंय, आणि तुम्ही वरचा फ्लॅट विकायला काढता? आधी ते बाथरूम फोडा! पाईप बदला! मास्तरांचं छत रंगवून द्या!"

"अगदी बरोबर बोलताय!" मास्तरांनी एका क्षणात पक्ष बदलला. मला चक्क खुर्ची दिली.

मालक पार वरमले. "करून देतो हो सगळं. पण आपण कोण? वकील?"

मी छाती पुढं काढली. "मी तुमचं गिऱ्हाईक!"

नेमका तेव्हा एजंट धापा टाकत दारात. "काय साहेब, पसंत ना?"

मालकांनी त्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून हातभर! "यांना सोडून कुणालाही दाखव. काम पुरं झाल्याशिवाय तर नकोच. आणि झाल्यावरही यांना नको!"

मी तरातरा खाली उतरलो. सुनंदा गाडीपाशी उभी.

"घर लई झ्याक हाय वो," ती हळहळली. "तुमी भांडत हुता तवा मी वर जाऊन बघून आले. दार उघडंच हुतं. स्वयंपाकघरात काय उजेड येतोय!"

मी काही बोलणार, तेवढ्यात पोरीचा फोन. "पप्पा, कसं आहे घर?"

मी फोन सुनंदाकडे दिला. म्हटलं, "तुझ्या आईला विचार. मी खालीच होतो."